गिझरला हात लावू नका

मरणाच्या दारात बायका नवऱ्याला काय काय सांगून जातात. कुणी म्हणते पोरांकडं बघा, कुणी म्हणते देवाला दिवा लावत जा, आणि एखादी फारच धोरणी असली तर दुसरं लग्न करू नका म्हणून शपथ घालते. द्वारकाबाईंनी यातलं काहीच सांगितलं नाही. दवाखान्यात तिसऱ्या दिवशी त्यांनी तोंडावरचा प्राणवायूचा मुखवटा जरा बाजूला सारला, नानासाहेबांना खुणेनं जवळ बोलावलं आणि म्हणाल्या, "गिझरला हात लावू नका. पुंजारामला बोलवा." एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले, ते पुन्हा उघडले नाहीत.

चाळीस वर्षांच्या संसाराचा समारोप गिझरवर व्हावा, हे नानासाहेबांच्या फार मनाला लागलं. पाटबंधारे खात्यात ते हेडक्लार्क होते. मोठमोठ्या साहेबांची टिपणं त्यांच्या हातून दुरुस्त होऊन पुढं गेली होती. आणि घरच्या माणसाचा त्यांच्यावर एका गिझरपुरताही भरवसा नसावा? भेटायला येणारा प्रत्येक जण दबक्या आवाजात विचारायचा, "शेवटी काय बोलल्या?" नानासाहेब खाली बघून सांगायचे, "राम राम म्हणाली."

दहाव्याला मात्र पंचाईत झाली. पिंड ठेवून तास झाला तरी कावळा शिवेना. समोरच्या लिंबावर चांगले चार कावळे बसलेले, पण एकही खाली उतरायला तयार नाही. मुलानं हात जोडून सांगितलं, "आई, बाबांना मी पुण्याला नेतो." कावळे हलले नाहीत. नानासाहेबांना बरंच वाटलं, कारण त्यांना पुण्याला जायचं नव्हतं. सोयगावचे चुलतभाऊ म्हणाले, "वहिनी, बांधाचं भांडण मिटलं समजा." कावळे ढिम्म. मग सगळे नानासाहेबांकडं बघायला लागले. काय राहिलंय हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, पण पन्नास माणसांपुढं 'पुंजारामला बोलावतो' असं म्हणायचं कसं? शेवटी ऊन डोक्यावर आलं, भटजी घड्याळ बघायला लागले, तेव्हा ते पिंडापाशी वाकले आणि ओठातल्या ओठात पुटपुटले, "बोलावीन पुंजारामला." कावळा लगेच उतरला. माणसं डोळे पुसत म्हणाली, केवढा जीव होता नवऱ्यात!

पण वचन आणि त्याची अंमलबजावणी यांत किती अंतर ठेवता येतं, हे सरकारी नोकरी केलेल्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. 'बोलावीन' म्हटलं होतं. कधी, ते म्हटलं नव्हतं.

आता या गिझरविषयी थोडं सांगितलंच पाहिजे. पडेगावच्या या घरात आधी तांब्याचा बंब होता, द्वारकाबाईंच्या माहेराहून, अजिंठ्याहून आलेला. नानासाहेब निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी तो बंब मोडीत घातला आणि गिझर आणला. बंब हातगाड्यावर चढला तेव्हा द्वारकाबाई पदराला हात पुसत दारात उभ्या होत्या. "लई चांगला व्हता वो," एवढंच म्हणाल्या. नानासाहेबांनी गिझरच्या खोक्यावर थाप मारली. "याच्याकडं वीस वर्षं बघायला नको." मग त्यांनी एक फाईल उघडली, तिच्यावर सुवाच्य अक्षरात 'गिझर : खरेदी व देखभाल' असं लिहिलं आणि गॅरंटी कार्ड पहिल्या पानाला टाचलं. खात्यातल्या फायली सुटल्यापासून त्यांच्या हाताला चैन नव्हती. या फायलीनं ती सोय झाली.

तेव्हापासून रोज सकाळी साडेसहाला नानासाहेब अंघोळीला जायचे. द्वारकाबाईंनी पाणी काढून ठेवलेलं असायचं. बादली भरलेली, वाफा येताहेत, पाट मांडलेला, टॉवेल खुंटीला. नानासाहेब आधी वर गिझरकडं बघायचे. लाल दिवा लागलेला दिसला की समाधानानं मान हलवायचे आणि पहिला तांब्या अंगावर घेऊन आतून ओरडायचे, "बघ, तुझ्या बंबाला जमलं असतं का असं?" स्वयंपाकघरातून उत्तर यायचं, "नाय बा!" सात वर्षांत हा संवाद चुकल्याचं कुणाला आठवत नाही.

चौदाव्या दिवसापर्यंत घरात पाहुणे होते आणि अंगणात तीन दगडांवर पाण्याचं भगुणं चढलेलं होतं. पंधराव्या दिवशी मुलगा पुण्याला गेला. सोळाव्या दिवशी नानासाहेबांनी जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या अंघोळीचं पाणी स्वतः काढायला घेतलं. बटण दाबलं, लाल दिवा लागला. अर्धा तास थांबून त्यांनी नळ सोडला तर पाणी गार. आणखी तासभर थांबले, तरी गारच. पौषातली थंडी, दौलताबादच्या रस्त्यानं येणारं वारं, आणि पंचा लावून उभे नानासाहेब. "तिकडं ती गेली आणि इकडं यानं अंग टाकलं," असं ते दिव्याकडं बघून म्हणाले. त्यांना खरंच वाटलं की गिझर द्वारकाबाईंच्या दुःखानं बंद पडलाय, आणि क्षणभर त्यांचा त्या यंत्राविषयीचा आदर वाढला.

पुंजारामचं दुकान नाक्यावर, हाकेच्या अंतरावर होतं. पण पुंजाराम म्हणजे द्वारकाबाईंचा मिस्त्री. मिक्सर, इस्त्री, देवघरातली माळ असल्या बायकी कामाचा. त्याला बोलावणं म्हणजे आपल्याला जमलं नाही असं लिहून देणं. गेल्या दोन वर्षांत तर हा पुंजाराम नानासाहेब दिसले की मान खाली घालून पाना शोधायला लागायचा. ज्याला नजर देता येत नाही त्याच्या हाती गिझर द्यायचा?

तेव्हा शेजारचे तात्यासाहेब आले. तात्यासाहेब निवृत्त मास्तर, विज्ञानाचे. त्यांनी गिझरला बोटाच्या पेरानं तीनदा ठोकलं, कान लावला आणि निकाल दिला.

"हवा धरलीये यानं. पाइपात हवा कोंडली की पाणी टाकीत शिरत नाही. सगळे नळ एकदम सोडा आणि हवा जाईस्तोवर मिटू नका."

"किती वेळ लागेल?"

"हवेवर आहे ते."

दोघांनी घरातले सगळे नळ सोडले आणि ओट्यावर शांत चित्तानं बसले. तात्यासाहेबांनी वातावरणाच्या दाबाविषयी सांगायला सुरुवात केली. तो विषय ते तीस वर्षं शिकवत होते, त्यामुळं तो लवकर संपत नाही. वातावरण संपलं तेव्हा नळांतून खरोखरच फुस्स करून हवा आली. तात्यासाहेब आनंदानं उठले. "निघाली!" ती गच्चीवरच्या रिकाम्या टाकीतली हवा होती. हजार लिटर पाणी मोरीतून वाहून गेलं होतं, आणि आमच्या या शहरात नळाला पाणी येतं आठव्या दिवशी. ते आदल्याच दिवशी येऊन गेलं होतं.

पुढचे सात दिवस कसे गेले ते न सांगितलेलं बरं. समोरच्या म्हशीवाल्या भागूबाई रोज दोन हंडे आणून देत. पहिल्या दिवशी हंडा ठेवताना त्यांनी विचारलं, "नानासायेब, टाकी कुठं गळती का?"

"शास्त्रीय प्रयोग चालू होता."

"व्हय का? मंग माह्या म्हशीचं पानी हाय ते, जपून वापरा. तिला शास्त्र नाय कळत."

नानासाहेबांनी तोही अपमान गिळला आणि फाईल उघडली. त्यांच्या मते आता प्रश्न वरच्या पातळीवर न्यायला हवा होता. दिवा लागतो आणि पाणी तापत नाही, याचा अर्थ विजेला जोर नाही. त्यांनी वीज कार्यालयाला अर्ज केला. विषय: कमी दाबाच्या पुरवठ्यामुळे गिझर न तापणेबाबत. एक प्रत माहितीस्तव वरिष्ठांना. अर्ज तीन टेबलं फिरला. पहिल्या टेबलानं विचारलं, जोडणी कुणाच्या नावावर? दुसऱ्यानं सांगितलं, उत्तराला महिना लागेल. तिसऱ्यावर एक तरुण साहेब बसला होता. त्यानं संगणकात बराच वेळ बघितलं आणि मान वर केली.

"काका, घरात गिझर आहे म्हणता?"

"सात वर्षांपासून."

"रोज वापरता?"

"एक दिवस खाडा नाही."

"मग दोन वर्षांपासून तुमची वीज निम्म्यावर कशी आली?"

नानासाहेबांची छाती फुगली. हे त्यांचं कर्तृत्व होतं. बिल कमी यायला लागलं तेव्हा त्यांनीच शोधून काढलं होतं, की आपण पुढच्या खोलीतला दिवा वेळेवर मालवतो त्याचा हा परिणाम. तात्यासाहेबांच्या घरी जाऊन त्यांनी काटकसरीवर दोनदा बोलूनही दाखवलं होतं. तेच त्यांनी इथं सविस्तर सांगितलं. साहेबानं सगळं ऐकून घेतलं, आणि तिसऱ्या दिवशी घरापुढं भरारी पथकाची जीप येऊन उभी राहिली. वीजचोरीचा संशय!

अख्खी गल्ली गोळा झाली. ज्यानं आयुष्यात सरकारी टाचणी घरी आणली नाही, त्याचं मीटर पथकवाले उघडून बघत होते. नानासाहेब अंगात कोट घालून उभे राहिले, कारण अब्रू जायचीच असेल तर ती कपड्यांत जावी. भागूबाई फाटकातून म्हणाल्या, "चोरी नाय वो करायचे ते, त्यान्ला जमायचंबी नाय." ही साक्ष बाजूनं की विरुद्ध, ते पथकालाही ठरवता आलं नाही.

मीटर धुतल्या तांदळासारखं निघालं. मग त्या तरुण साहेबानं चिमट्यासारखं एक यंत्र गिझरच्या वायरीला लावलं. काटा जागचा हलला नाही.

"काका, हा गिझर वीज घेतच नाही. दिव्यापुरती घेतो फक्त."

"असं कसं होईल? महिन्यापूर्वीपर्यंत कडक पाणी येत होतं. रोज!"

साहेबानं यंत्र पिशवीत घातलं. जाताना फाटकापाशी थांबून म्हणाला, "उघडून बघा एकदा."

हे उघडून बघणं नानासाहेब इतके दिवस टाळत होते, कारण सील फुटलं तर गॅरंटी जाते. ती पाच वर्षांपूर्वीच संपली होती, पण कागद जपून ठेवला की त्याला मुदत असते हे त्यांना कधी पटलं नाही. त्या दुपारी त्यांनी स्टूल घेतलं, चष्मा पुसला आणि खालचं झाकण काढलं. सील आधीच फुटलेलं होतं. आत जाणारा पाइप आणि बाहेर येणारा पाइप टाकीला वळसा घालून एकमेकांना जोडलेले होते. गार पाणी यायचं आणि गारच जायचं. दिव्याला वेगळी बारीक वायर दिलेली होती. आणि पाइपांच्या जोडावर, गळू नये म्हणून, जांभळ्या लुगड्याची एक चिंधी गच्च बांधलेली होती.

ते लुगडं नानासाहेबांनीच घेतलं होतं, मुलाच्या लग्नात. स्टुलावरून खाली उतरायला त्यांना बराच वेळ लागला. मग कोट न घालता, डोक्यावर टोपी न ठेवता ते नाक्यावर गेले.

पुंजारामनं त्यांना बघितलं आणि पाना खाली ठेवला. या खेपेला मान मात्र खाली घातली नाही.

"बसा, नानासायेब. वाटच बघत व्हतो. दहाव्याला आलतो म्या बी, मागं हुबा व्हतो."

"ही चिंधी…"

"बाईंनीच फाडून दिली. माझ्याजवळची पट्टी संपली व्हती." पुंजारामनं स्टूल पुढं सरकवलं. "दोन साल झाले, कार्तिकात. तुम्ही सोयगावला गेलते, शेताच्या मोजणीला. बाईंनी बोलवलं. बघतो तर टाकी खल्लास. आपल्या नळाचं पानी खारं, खारानं समदी टाकी खाऊन टाकली व्हती. दुरुस्त व्हन्यासारखं काय राह्यलंच नव्हतं. म्या म्हन्लं, बाई, नवा घ्या. तर म्हन्ल्या, नाय. दिवा तेवढा लागला पायजे."

"का पण?"

पुंजाराम जरा घुटमळला. "सांगू? त्या म्हन्ल्या, 'घरी बसल्यापासून त्यान्ला कोनी काय इचारत नाय, पुंजाराम. पोरगं इचारत नाय, भाऊ इचारत नाय. एवढी एकच गोष्ट हाय, रोज उठून म्हंत्यात, बघ, म्या आनलेला गिझर. वीस सालाचं बोलून बसलेत. ते मोडलं म्हनून म्या कशाला सांगू?' माझ्याकून शपथ घेतली. म्हनून तुमच्याकडं बघायची हिंमत नाय व्हायची."

"मग पाणी?" नानासाहेबांनी विचारलं. उत्तर त्यांना कळलं होतं, तरी विचारलं.

"गॅसवर. साडेपाचला उठायच्या. दोन पातेले तापवायच्या आन् तुम्ही उठायच्या आत बादली न्हेऊन ठिवायच्या. म्या म्हन्लं व्हतं, बाई, तुमचे गुडघे हे असे. तर हसल्या."

गॅसवर. नानासाहेबांना सिलिंडर आठवला.

त्यांच्या कपाटात दुसरी एक फाईल होती. 'सिलिंडर : कमी वजनाबाबत.' दोन वर्षांपूर्वी दीड महिना जाणारा सिलिंडर अचानक पंचवीस दिवसांत संपायला लागला, तेव्हा ती उघडली होती. गॅस एजन्सीला त्यांनी सात अर्ज केले होते, एकाहून एक कडक. एजन्सीचा माणूस बिचारा काटा घेऊन घरी आला, सिलिंडर तोलून दाखवला, वजन भरलं. नानासाहेब म्हणाले, काटा खोटा आहे. द्वारकाबाई दारातून म्हणाल्या होत्या, "जाऊ द्या वो, बरूबर हाय वजन." तेव्हा त्यांचा राग द्वारकाबाईंवर वळला. गॅस जातो कुठं, ते त्यांनी एजन्सीच्या माणसादेखत सांगून टाकलं: तुझ्या दुपारच्या चहात. रोज चारला भागूबाई यायच्या, दोघी ओट्यावर बसून कपभर चहा घ्यायच्या, तेवढीच काय ती त्यांची चैन. तो चहा नानासाहेबांनी त्या दिवशी बंद केला. द्वारकाबाईंनी 'का' म्हणून विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून दोघी नुसत्याच बसायच्या.

घरी येऊन नानासाहेब रडले. बायको गेल्यापासून ते असे रडले नव्हते. तेव्हा माणसं होती, विधी होते, कावळ्याची वाट बघायची होती. आता कुणी नव्हतं. संध्याकाळी भागूबाई हंडा घेऊन आल्या आणि तशाच उंबऱ्यात थांबल्या. नानासाहेबांनी त्यांना सगळं सांगितलं, चहाचंही.

"आमाला ठावं नव्हतं," भागूबाई म्हणाल्या. "रोज सांजच्याला गुडघ्याला तेल चोळून घ्यायची माह्याकून. म्या म्हनायची, काय वझं वाहती गं? तर म्हनायची, घागर उचलली."

"बादली उचलूनच गेली का हो ती?"

भागूबाईंनी हंडा खाली ठेवला. "डाक्टर म्हन्ले ना, डोक्यातली शीर फुटली व्हती. झोपेतबी झालं असतं." त्या असं म्हणाल्या खऱ्या. नानासाहेबांनी ते मानून घेतलं की नाही, ते त्यांना स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी पुंजाराम नवा गिझर बसवायचं विचारायला आला. नानासाहेबांनी त्याला चहा दिला आणि परत पाठवला. त्याआधी, पहाटे साडेपाचला उठून त्यांनी गॅसवर दोन पातेली ठेवली होती. बादली भरली आणि उचलली. स्वयंपाकघरापासून न्हाणीपर्यंत एकोणीस पावलं. दोनदा टेकवावी लागली, एकदा पायावर सांडली. आत गेल्यावर त्यांनी सवयीनं बटण दाबलं. लाल दिवा लागला. पाटावर बसून त्यांनी पहिला तांब्या अंगावर घेतला आणि तोंड उघडलं. पण ते रोजचं वाक्य काही बाहेर येईना. पाणी निवायला लागलं तेव्हा मोठ्यानं म्हणाले, "द्वारका, पाणी चांगलं तापलंय गं."

दहाला ते कोट घालून गॅस एजन्सीत गेले. खिडकीतल्या कारकुनानं त्यांना ओळखलं आणि पेन खाली ठेवून दिलं. "आठवा अर्ज का, साहेब?"

"आठवाच."

कारकुनानं वाचला. विषय: याआधीचे सातही अर्ज मागे घेणेबाबत. त्यानं पुन्हा वाचला. "असं मागं घ्यायची पद्धत नाही आपल्याकडं. कोणी घेत नाही. कारण लिहावं लागेल."

"लिहिलंय खाली."

खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: सिलिंडरचे वजन प्रत्येक वेळी बरोबर होते. गॅस अर्जदाराच्या अंघोळीस लागत होता. अर्जदारास त्याची माहिती नव्हती.

कारकुनानं तेही वाचलं. मग त्यानं शिक्का मारला, पोच दिली आणि उठून उभा राहिला. नानासाहेबांनी ती पोच घरी आणून गिझरच्या फायलीत, गॅरंटी कार्डाच्या वर टाचली. चार वाजले तेव्हा त्यांनी दोन कप चहा टाकला आणि फाटकात जाऊन भागूबाईंना हाक मारली.